मामाने आणलेले बूट

वृषालीच्या डाव्या बुटाला आतल्या बाजूने चीर होती. अंगठ्याचं मूळ येतं नेमकी तिथे, ब्लेडने मारलेली, पेराएवढी. बूट कोरा होता, काळ्या चकचकीत चामड्याचा, पुढे निमुळता होत गेलेला. उजवा मी उचलून पाहिला, तो धड होता. पुन्हा डावा जवळ घेऊन निरखला, तर चिरीच्या कडा आत दुमडून काळ्या दोऱ्याने बारीक टाके घातलेले.

चित्रकलेच्या वर्गात सतरंजी असे, म्हणून मुलं बूट-चपला व्हरांड्यात ओळीने काढून ठेवत. ओळ वाकडी झाली की ती सरळ करायची ही माझी खोड, त्यातून हा बूट हाती आला. मुलांमुलांत भांडण झालं की दप्तराचे पट्टे कापणं, कंपासमधली शिसं मोडणं असले प्रकार चालत. पण रागाने कापणारा माणूस मागाहून टाके घालत बसत नाही. मला ती शिवणच जास्त खटकली. कापणाऱ्याला आपलं काम लपवायचं होतं.

साखर कारखान्याच्या वसाहतीतली आमची शाळा. मी पाचवीला शिकवत असे आणि मुलं मला आंबेकरबाई म्हणत. वृषाली मोहिते माझ्याच वर्गातली. खो-खोच्या मैदानावर ती सुटली की भल्याभल्या मुलांच्या हाती लागत नसे. पण दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तशी ती मैदानाच्या कडेला बसायला लागली. कधी पोट दुखतं म्हणे, कधी डोकं. सतरंजीवर बाकीची मुलं अनवाणी बसत, ही मोजे काढत नसे आणि पाय फ्रॉकखाली ओढून घेई.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून विचारलं, "बूट कुणी कापला गं?"

"उंदरानं कुरतडला, बाई."

"वा. तुमच्याकडचा उंदीर टाकेही घालतो का?"

एरवी असल्या बोलण्यावर ती खुदकन हसायची. त्या दिवशी तिने बूट माझ्या हातातून घेतला, पायात सरकवला आणि नाडी न बांधताच गेली.

वृषालीची आई ती बालवाडीत असताना गेली होती. वडील सर्जेराव कारखान्यात बॉयलरवर होते. चार वर्षं त्यांनी एकट्याने काढली, मग शालनशी दुसरं लग्न केलं. शालन तिशीची, अंगाने काटक, कमी बोलणारी. वसाहतीत ती कुणाच्या दारात उभी राहिलेली दिसत नसे, आणि आमच्या वसाहतीत दारात उभं न राहणाऱ्या बाईबद्दल लोक जास्तच बोलत.

सर्वांत जास्त बोलत मनोरमावहिनी, मोहित्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी मला बाजारात गाठलं. संध्याकाळी खिडकीतून त्यांना दिसलं होतं, की शालन पोरीचा पाय मांडीवर घेऊन कापडाच्या पट्टीने करकचून बांधते आहे आणि पोर तोंडात ओढणी कोंबून रडते आहे. एकदा नव्हे, सुट्टीभर. वहिनींचं बोलणं मी नेहमी अर्ध्याने कमी करून घेत असे. पण अर्ध्याने कमी केलं तरी पट्टी उरत होती, रडणं उरत होतं, आणि कापलेला बूट तर मी स्वतः पाहिला होता.

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. वृषालीच्या मामांना त्यांनी कोल्हापूरला निरोप धाडला होता.

मामा, प्रतापराव, दोन दिवसांनी शाळेतच आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा सदरा, कोल्हापुरात कापडाचं दुकान. बहीण गेली तरी त्यांनी भाऊबीज मोडली नव्हती. दर वर्षी त्या दिवशी यायचे, भाचीकडून ओवाळून घ्यायचे आणि ओवाळणी म्हणून तिला शाळेचे बूट द्यायचे. शहरातल्या मुली घालतात तसले, सगळ्यात भारी. हे बूटही त्यांचेच.

बूट कापल्याचं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, की त्यांच्या मनात कधीपासूनच पाल चुकचुकत होती. दिवाळीत पोर लंगडताना त्यांनी पाहिलं होतं, विचारलं तर हसून पळाली होती. आता ते आईला घेऊन रविवारी येणार होते आणि भाचीला कायमची कोल्हापूरला नेणार होते. सर्जेरावांशी त्यांचं बोलणं झालं होतं.

"सर्जेराव काय म्हणाले?" मी विचारलं.

"दाजी म्हणाले, आंबेकरबाई म्हणतील तसं. तुम्ही रविवारी यायचं, बाई, आणि पाहिलं ते सांगायचं. जास्त नको, कमी नको."

सर्जेराव तसेच होते. बॉयलरच्या धगीत उभा राहणारा माणूस, पण घरात दोन माणसांच्या मधे उभं राहायची वेळ आली की बाजूला सरकायचा. त्यांनी आपल्या लेकीचा निवाडा माझ्या पदरात टाकला होता.

मला कुणाच्या तरी सांगण्यावर जायचं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांनी तो पाय पाहायचा होता, पण एकट्या वृषालीला मोजे काढायला लावलं असतं तर वर्गभर बोभाटा झाला असता. म्हणून शुक्रवारी मी सगळ्या वर्गालाच मोजे काढायला लावले. विषय फळ्यावर लिहिला: आपला पाय. प्रत्येकाने रद्दी पेपरवर उभं राहायचं, शेजाऱ्याने पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढायची. मग त्याच रेघेवर आपला बूट किंवा चप्पल ठेवून दुसरी रेघ.

मुलांना असल्या धड्यात फार मजा येते. एकाच्या टाचेला भेगा निघाल्या, तर त्यात रुपया बसतो का हे दोघांनी बघून घेतलं. एकाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या, त्याला पाय धुतल्यावर बेचकी कोरडी करायला सांगितलं. करंगळीवर कुरूप असलेल्या पोराला कुणीतरी ते ब्लेडने कापायचा सल्ला दिला होता, तो मी मोडून काढला. एका मुलीचा अंगठा सुजला होता, नख मांसात रुतलेलं. नख कोपऱ्यात गोल कापायचं नाही, सरळ कापायचं, हे मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. सगळा वेळ माझी एक नजर तिसऱ्या ओळीत होती.

वृषालीने शेवटी मोजा काढला. शेजारच्या मुलीने रेघ ओढायला घेतली आणि मधेच पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं.

डाव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला होता. आत रेटल्यासारखा. आणि त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा बाहेर आलेला, लालभडक, सुपारीएवढा. उजव्याही पायाला तसंच, पण कमी. डाव्या पावलावर कापडाच्या पट्टीचे फिकट होत आलेले वळ होते.

"दुखतं का गं?" मी हळूच विचारलं.

"नाही, बाई."

बाकीची मुलं आपापल्या रेघा मोजत होती, कुणाचा बूट कुठे कमी पडतो ते ओरडून सांगत होती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. डोळ्यांपुढे ते वळ होते. कोवळं हाड रोज आवळून बांधलं तर वाकणारच, हे समजायला डॉक्टर कशाला हवा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी मी न कळवता मोहित्यांच्या दारात उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. शालन खाली बसली होती, मांडीवर वृषालीचा उजवा बूट, धड राहिलेला. त्यावर आतल्या बाजूने खडूने खूण केलेली आणि शेजारी ब्लेड. मला पाहताच तिने बूट वाकळेखाली सारला. ब्लेड सारायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्यावर हात ठेवला.

"बसा बाई. चहा टाकते."

"चहा नको. डावा बूट कुणी कापला?"

ती ब्लेडवरचा हात न काढता म्हणाली, "उंदीर झालेत घरात."

दोघींचं एकच उत्तर. पोरीला पढवून ठेवलं होतं हे उघड होतं. मी विचारलं, पट्टी कशाला बांधता. तर म्हणाली, आता बांधत नाही. म्हणजे आधी बांधत होता, मी म्हटलं. त्यावर तिने मान खाली घातली, आणि तिथून पुढे मी जे जे विचारलं त्याला तिच्याकडून हूं की चूं आलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. उद्या तुम्हाला पटेल ते सांगा. मी म्हणून काय उपयोग?"

अपराधी माणसं असंच बोलतात असं मला त्या वेळी वाटलं. घरी येईपर्यंत रविवारी काय सांगायचं ते माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा सगळे जमले होते. वृषालीची आजी, इंदुमतीबाई, कॉटवर भिंतीला टेकून बसलेल्या, इरकली साडी, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, पाय पोटाशी घेऊन पदराखाली झाकलेले. वृषाली त्यांना बिलगलेली. प्रतापराव खुर्चीत. सर्जेराव दाराच्या चौकटीला पाठ लावून, जणू कुणी हाक मारली तर बाहेर पडायला बरं. शालन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मधल्या स्टुलावर कपबशा होत्या आणि चहावर साय धरली होती.

प्रतापरावांनी तो चीर पडलेला डावा बूट स्टुलावर ठेवला. "बाई, हे तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"आणि मनोरमावहिनी म्हणतात ती पट्टी?"

"तिचे वळ पाहिले."

"ऐकलंत, दाजी?"

सर्जेरावांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. "बूट मीच कापला. उंदीर नाही झालेत घरात."

प्रतापरावांना एवढ्या सहज कबुलीची अपेक्षा नव्हती.  मग पिशवीतून त्यांनी खोकं काढलं. आणखी एक जोड, पहिल्यासारखाच चकचकीत, पहिल्यासारखाच निमुळता. कापणारे कापत राहतील, आम्ही आणत राहू, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले आणि भाचीला म्हणाले, घालून दाखव बघू मामाला.

वृषालीने बूट घातले. घालताना तिने श्वास रोखून धरलेला मला दिसला. मग ती दारापर्यंत गेली आणि परत आली, ताठ, एकसारखी पावलं टाकत, मामाकडे बघून हसत. बाविसेक वर्षं मी मुलांची तोंडं वाचत आले होते. गृहपाठ न केलेलं मूल वही आणायला विसरलो म्हणून सांगताना जसं हसतं, तसं ते हसू होतं.

"कसा आहे बूट?" प्रतापरावांनी विचारलं.

"छान आहे, मामा."

मी उठले, तिला कॉटवर बसवलं, तिच्यापुढे खाली बसले आणि दोन्ही बूट उतरवले. मोजे काढले. एवढ्याशा चालण्याने उंचवटा पुन्हा लाल झाला होता. शुक्रवारी माझ्याच वर्गात रेघेवर रेघ ओढली गेली होती, मुलं बूट कुठे कमी पडतो ते ओरडून सांगत होती, आणि वृषालीच्या बुटाची रेघ पावलाच्या आत पडते का हे न बघता मी फक्त वळ पाहिले होते. मी शालनकडे वळले.

"पट्टी का बांधत होता ते आता सांगा. मला नका सांगू, यांना सांगा."

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो काही बोलत नाही असं दिसल्यावर तिने सांगितलं. सुट्टीच्या सुरुवातीला पोरीचा अंगठा सरकतोय हे तिला न्हाऊ घालताना दिसलं. बांधल्याने हाड जागेवर जाईल म्हणून तिने बांधलं, आपल्या समजुतीने, घट्ट. पोर रडली तरी बांधलं. मग भाऊबिजेला नवे बूट आले आणि पोरीला पाऊल टेकवेना, तेव्हा माहेरी जायचं निमित्त काढून ती तिला तिकडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वसाहतीतल्या दवाखान्यात नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. डॉक्टर तिलाच रागावले. बांधून हाड सरळ होत नाही, उलट बोटांचं रक्त अडतं. पुढे रुंद असलेला बूट घाला, घरात मोकळी चप्पल, दोन बोटांमध्ये कापसाची गुंडाळी. दुखणं थांबेल, वाढणंही कदाचित मंदावेल. पोर मोठी झाल्यावरही फार त्रास राहिला तर ऑपरेशनचं बघू.

"मी यांना सांगितलं," ती सर्जेरावांकडे न बघता म्हणाली. "हे म्हणाले, बूट मामांनी आणलेत, तू मधे पडू नको."

"मग मला सांगायचं होतं," प्रतापराव म्हणाले.

"काय सांगू? भाऊबिजेचा बूट सावत्र आईनं परत धाडला, असं? तुमच्या बहिणीच्या जागेवर मी आलेय, भाऊ. तुम्ही आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं माझं तोंड आहे का? चीर पाडली तर बूटही पायात राहतो आणि बोटही. दुसऱ्यालाही पाडणार होते."

प्रतापरावांचा चेहरा लाल झाला होता. पण इतक्या दिवसांचा संशय असा एका दमात खाली ठेवता येत नाही. डॉक्टरचं नाव घेणं सोपं असतं, ते म्हणाले. "आणि डॉक्टर अजून काय म्हणाले? तेही सांगून टाका."

शालन जरा घुटमळली. "म्हणाले, असा पाय रक्तातून येतो. घट्ट बुटानं वाढतो."

"बघा. म्हणजे दोष शेवटी आमच्यावरच." ते माझ्याकडे वळले. "बाई, माझ्या बहिणीला मी लहानपणापासून पाहिलंय. आमच्या घरात कुणाचा पाय असा नाही."

"आहे," कॉटवरून आजी म्हणाल्या.

 इंदुमतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग मुलाकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारख्या बोलू लागल्या.

"तुझ्या बहिणीचा होता. तिला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा चालून दाखव म्हणायचे. मी साडी निऱ्या जमिनीला टेकतील अशी नेसवायचे. पुढून बंद असलेल्या चपला घेऊन द्यायचे, लहान मापाच्या, पाऊल नाजूक दिसावं म्हणून. दुखतं म्हणायची. मी म्हणायचे, सवय होईल." त्या थांबल्या. "जावईबापूंनाही लग्नानंतरच कळलं असेल."

सर्जेराव चौकटीपासून पाठ सोडवून सरळ उभे राहिले. "कळलं होतं," ते म्हणाले. "ती मला कुणाला सांगू नका म्हणाली होती. म्हणून हिलाही मी गप्प बसवलं."

सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

प्रतापराव खुर्चीतून उठून भाचीपुढे उकिडवे बसले. त्यांनी त्या सुजलेल्या हाडाला बोट लावलं, लगेच मागे घेतलं. "दर वर्षी चावायचे का गं बूट?"

तिने मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

वृषालीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा शालनकडे. "मग तू आला नसतास," ती म्हणाली. "बूट द्यायलाच येतोस ना तू?"

 प्रतापरावांनी नवी जोडी उचलली, खोक्यात ठेवली, झाकण नीट बसेना तरी ते बसवत राहिले. मग म्हणाले, ते परत येतील, पुढच्या रविवारी. काही न आणता येतील. आणि तालुक्याच्या दुकानात तिला बरोबर नेतील, ती म्हणेल तो बूट घेतील, कितीही बेढब असो.

"आणि आज?" मी विचारलं. मला बोलावलं होतं ते ह्याच प्रश्नासाठी.

त्यांनी आईकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला कॉटवरून हलकेच खाली ढकललं. "जा, खेळ जा. तुझी बॅग भरायची नाहीये."

वृषालीने ते खरं आहे ना म्हणून शालनकडे पाहिलं. शालनने होकार देताच तिने कोपऱ्यातली रबरी चप्पल पायात अडकवली आणि ती मागच्या दाराने पसार झाली. मैदानावरून मुलांचा कालवा येतच होता.

शालनने कपबशा गोळा केल्या. चहा पुन्हा टाकते म्हणाली. ती स्वयंपाकघरात वळणार तोच इंदुमतीबाई म्हणाल्या, "कापूस कसा घालतेस ते दाखव बघू. घट्ट की सैल?"

"दाखवते."

शालनने फळीवरून कापूस उतरवला, हाताने त्याची गुंडाळी वळली, त्यावर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि येऊन कॉटपाशी खाली बसली. मग तिच्या लक्षात आलं की दाखवायला मूल घरात नाही. ती गुंडाळी हातात धरून थांबली. प्रतापराव खोक्याकडे बघत होते, सर्जेराव तिच्याकडे.

म्हाताऱ्या बाईंनी जरा वेळ घेतला. मग साडीचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि आपला पाय शालनच्या मांडीवर ठेवला.